नाव वर, पाऊस खाली

"थायलंडनं नाव ठेवलं म्हन्तेत, मंग थायलंडलेच जाईन ना ते वादळ! इकडे कायले येईन?"

सुकवारोबाई हे म्हणाल्या तेव्हा विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवत होत्या. बांधावर चहा पीत बसलेल्या सहा-सात कापणाऱ्या बायका खळाळून हसल्या. मामाही हसले. मेसेज त्यांनीच वाचून दाखवला होता, मोबाइल हातभर लांब धरून, एकेक शब्द सोडवत: ‘बंगालच्या उपसागरात मोंथा चक्रीवादळ. हे नाव थायलंडने दिले असून त्याचा अर्थ सुवासिक फूल असा होतो.’

"फुलाचं वादळ!" मागून कोणीतरी म्हणालं. "मंग त गजरे करून ठेवा."

पुन्हा हसू. मी चहाची किटली धरून उभी होते. सगळ्यांबरोबर मीही हसले.

तो मेसेज मी लिहिला होता.

यंदा कापणीचे दिवस पुन्हा आलेत आणि ते हसू पुन्हा ऐकू येतंय. गोंदियात राइस मिलांच्या रस्त्यावरून जाताना कोंड्याची बारीक धूळ ओठांवर बसते. ऑटोवाले सीट झटकून "आइये मॅडम" म्हणतात आणि सीटवर पुन्हा तीच धूळ बसते. रविवारी पॅसेंजरनं मामाच्या गावी निघाले की सालेकशानंतर खिडकीच्या दोन्ही बाजूंना धान लागतं, ते दरेकसाच्या डोंगरापर्यंत. पिकलेल्या धानाचा रंग मला कधी नीट सांगता आलेला नाही. शाळेत निबंधात आम्ही ‘गोल्डन फील्ड्स’ लिहायचो. सोनं काही इतकं मऊ दिसत नाही. आणि सोन्याला वास नसतो. उन्हं चढू लागली की धानाला एक वास सुटतो, तव्यावर नुकतंच काहीतरी टाकल्यासारखा. तो आला की मला भूक लागते, आणि मागच्या वर्षापासून भुकेच्या जरा आधी थोडी भीती वाटते.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. मराठी घरात होती, हिंदी रस्त्यावर होती, मामाकडे गेलं की झाडीबोली होती. वहीत मात्र फक्त इंग्रजी. त्यामुळे लिहायला लागणारी मराठी मी नोकरीत शिकले. माझं काम असं: हवामानाचा इंग्रजी अहवाल येतो, त्याचं मराठी करायचं, आणि तीन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं. हवामानातल्या ‘डिप्रेशन’ला मराठीत अवदाब म्हणतात, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं. मेसेजखाली माझं नाव नसतं. ते मला आवडायचं. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की मी मागच्या रांगेत सरकते. आणि इथे हजारो लोक माझी वाक्यं वाचत होते, पण मी कुणालाच दिसत नव्हते. घरी आणि मामाकडे मी एवढंच सांगितलं होतं, की ऑफिसात कंप्यूटरचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

वादळांच्या नावांची यादी मला पहिल्यांदा ऑफिसातच दिसली. त्या दुपारी मी डबा खायची विसरले.

आपल्या बाजूच्या समुद्राभोवतीच्या तेरा देशांनी मिळून ती केली आहे. प्रत्येकानं तेरा नावं दिलेली. देश इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं उभे, बांगलादेशापासून येमेनपर्यंत, आणि वादळ आलं की ज्याची पाळी त्याचं नाव. नाव लहान हवं, जिभेला सोपं हवं. देवाधर्माला, राजकारणाला चिकटणारं नको, कुणाला दुखावणारं नको. एवढ्या अटी पाळून माणसांनी काय काय निवडलंय! म्यानमारनं दिलेलं तौक्ते म्हणजे रात्री आवाज करणारी एक पाल. येमेननं आपल्या कॉफीच्या जुन्या बंदराचं नाव दिलं, मोखा. गुलाब हे नाव पाकिस्ताननं दिलेलं. ज्या देशांचं आपसांत धड बोलणं नाही, ते इथे एका ओळीत शेजारी शेजारी बसलेत आणि आपापल्या पाळीची वाट पाहतायत. आपली काही नावं अजून वापरायची आहेत: व्योम, नीर, अंबुद, जलधी, वेग.

ही शेवटची नावं मी बराच वेळ बघत बसले. आपल्याकडे बाळ जन्मतं, बारसं ठरतं, मग आत्या कानाशी वाकून नाव सांगते. इथे पाळणा आधीच टांगलेला. नाव ठरलेलं. आणि बाळ अजून कुठंच नाही. समुद्राच्या कोमट पाण्यात अजून ती वाफही उठलेली नाही, जिचं पुढे जलधी होईल. तेव्हा मी कुठे असेन, कुणास ठाऊक. नाव मात्र यादीत बसून आहे, अगदी शांत.

आणि एकदा वापरलं की संपलं. आपल्या समुद्रात एक नाव पुन्हा देत नाहीत. दूर अटलांटिकवर तसं नाही. तिथे सहा याद्या आहेत, दर वर्षी एक. सहा वर्षांनी पहिली यादी पुन्हा येते, तीच नावं, तोच क्रम. फक्त एखाद्या वादळानं फार माणसं मारली, फार नासधूस केली, तर त्याचं नाव यादीतून काढून घेतात. मग ते कुणालाच देत नाहीत. सगळा समुद्र जणू त्या नावापुरता गप्प राहतो.

हे वाचून मला आमचं पंचांग आठवलं. मृग, आर्द्रा, हस्त, चित्रा, स्वाती. आपल्याकडे पावसालाही नावं आहेत की, आणि ती दर वर्षी फिरून येतात. कोणत्या नक्षत्रानं कोणत्या साली किती पूर आणला म्हणून कोणी त्याचं नाव काढून घेतलं नाही. मामी अजून विचारते, "हत्ती पडला का गोंदियात?" तिच्यासाठी हस्ताचा पाऊस म्हणजे ओळखीचा माणूस, एखाद्या वर्षी वाकडा वागला तरी पुढच्या वर्षी त्याच्यासाठी पाट मांडायचाच.

तर असं सगळं डोक्यात असताना मोंथा आलं. उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर पांढरं चक्र दिसत होतं, इतकं मोठं की अख्खा आंध्रचा किनारा त्याच्या एका बाजूत मावत होता. मी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि पटकन काढून घेतलं, जणू ते हलेल. असं काही दिसल्यावर ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं. आणि सांगायची माझी एकच जागा होती. मी मेसेजच्या पहिल्या ओळीत नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत ते कुणी दिलं, त्याचा अर्थ काय. मग वादळ कुठे आहे, किनाऱ्याला कधी धडकणार. आणि सगळ्यात खाली, नियमाप्रमाणे: जिल्ह्यात पावसाची शक्यता, कापणी पुढे ढकलावी, कापलेले धान भिजणार नाही अशी काळजी घ्यावी. वाचून बघितलं. मला तो मेसेज सुंदर वाटला. पाठवला, आणि संध्याकाळच्या गाडीनं मामाच्या गावी निघाले. दिवाळीनंतरची मंडई होती. गावोगावी जत्रेसारखी माणसं जमतात, पाळणे, जिलेबी, नाटक. दोन दिवसांची सुट्टी मी आधीच काढली होती.

आता मामीबद्दल. रेवंतामामीचं माहेर दरेकसाच्या वरच्या अंगाला, जंगलाच्या कडेचं. लग्नात तिच्या आईनं तिला इतर सामानाबरोबर एका फडक्यात बांधून थोडं धानाचं बी दिलं होतं. लुचई. हे जुन्या वाणाचं धान आहे. उंच वाढतं, वारा आला की लोळतं, पिकतं थोडं. आता दुकानात मिळणाऱ्या पिशव्यांतलं बियाणं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त देतं, म्हणून गावात सगळ्यांनी लुचई सोडली. मामीच्या माहेरीही सोडली. मामीनं नाही. आमच्याकडे धानाच्या खाचराला बांधी म्हणतात. घराजवळची एक बांधी दर वर्षी लुचईची. मामा चेष्टेनं म्हणायचे, "हे पाहा, रेवंताची लाडाची लेक उभी आहे." ती बांधी मामी मशीननं चुरू देत नसे. मशीनमध्ये आधीच्या शेताचे दाणे अडकलेले असतात, बी मिसळतं. ती फळीवर आपटून दाणे काढायची, त्यातलं पेरण्यापुरतं बाजूला ठेवायची, आणि उरलेल्याचा भात सणावारी शिजायचा. एका वर्षाचं बी पुढच्या वर्षीच पेरायचं. जुनं साठवून ठेवायची तिची रीत नव्हती. म्हणजे लुचई या नावाचं धान दर वर्षी एकदा त्या बांधीतून पार व्हायचं. एक वर्ष चुकलं, की संपलं. विचारायला दुसरं घर नव्हतं.

त्या सकाळी सुकवारोबाईंची टोळी त्याच बांधीवर आली होती. सुकवारोबाई वरच्या टोल्यावर, जंगलाकडच्या वस्तीत राहतात, जंगलातल्या कामालाही जातात आणि कापणीलाही. त्यांच्याइतकी सरळ ओळ कोणी कापत नाही म्हणून मामी लुचईसाठी दर वर्षी त्यांनाच बोलावते.

"कापाव का मंग?" त्यांनी विचारलं.

मामीनं आभाळाकडे पाहिलं. निळं, धुतल्यासारखं. मग मामांकडे. मामांनी मोबाइल खिशात टाकला. "आंध्रात जाऊन राहिलं ते. थायलंडचं आहे. काप."

मला माहीत होतं. वादळाचं नाव देणारा देश आणि वादळाची वाट यांचा काही संबंध नसतो, हे त्या बांधावर फक्त मला माहीत होतं. मी म्हणू शकले असते, मामी, थांबा. पण सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे वळलं असतं. सुकवारोबाईंनी विचारलं असतं, तुला कसं माहीत? आणि मी मनाशी म्हटलं, मेसेजमध्ये सगळं लिहिलंय. वाचलंय त्यांनी. मोठी माणसं आहेत, त्यांनी ठरवलंय. किटली घेऊन मी घरात गेले. मागून विळ्यांचा आवाज सुरू झाला, सर्र, सर्र, एकदम सात हातांचा. तो आवाज मला नेहमीच आवडतो. तेव्हाही आवडला. ते खोटं कशाला सांगू?

दुपारपर्यंत बांधी कापून झाली. कापलेलं धान मूठ मूठ करून जमिनीवर ओळीत आडवं ठेवतात, त्याला कडपा म्हणतात. तीन-चार उन्हं लागली की भारे बांधायचे. संध्याकाळी सगळ्या बांधीत कडपा पसरल्या होत्या, कुणीतरी मोठी चटई विणायला घेतल्यासारख्या. मंडईला जाताना मामीनं मागे वळून एकदा बघितलं आणि पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलंच नाही. आभाळ खाली आलं होतं, राखेच्या रंगाचं, सगळीकडे सारखं. मी मोबाइलवर अहवाल उघडला. इंग्रजीत लिहिलं होतं: चक्रीवादळानं किनारा ओलांडला, ते क्षीण होत आहे. दुपारी उघडला तेव्हा त्याची पदवी आणखी उतरली होती. चक्रीवादळ, मग डिप्रेशन, मग नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. मला तो उतार कळत होता. वाऱ्याचा वेग एका ठरावीक आकड्यावर गेला की वादळाला नाव मिळतं, आणि जमिनीवर चढलं की तो वेग सरत जातो. नाव गळत जातं. शेवटी ‘अवशेष’ एवढाच शब्द उरतो.

आणि तेव्हा पत्र्यावर पहिला थेंब वाजला.

समुद्रापासून इतक्या आत राहणाऱ्या आम्हाला वादळ असंच भेटतं, हे मला त्या दिवशी उमगलं. नाव उतरवून. डोळा नाही, गर्जना नाही, उडालेली छपरं नाहीत. टीव्हीवरचे वार्ताहर किनाऱ्यावरून कॅमेरे आवरून निघालेले असतात. आणि मग ते येतं, आमच्या डोंगरांवर, साध्या पावसासारखं, जराही घाई न करता. मामीच्या अंगणात पडणारं पाणी तीन-चार दिवसांपूर्वी खारं होतं. ते वर उठलं, चक्रात फिरलं, शेकडो किलोमीटर चाललं, आणि इथे येऊन गोडं झालं. मी हात पुढे केला. तळव्यावर समुद्र पडत होता. एवढं मोठं काहीतरी आपल्याला शोधत इथवर आलं, या विचारानं अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी बांधीतल्या कडपांच्या भीतीनं मी हात मागे घेतला. हे दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वीच्या गुलाब वादळाची गोष्ट मी ऑफिसात वाचली होती. तेही पूर्व किनाऱ्यावर चढलं, क्षीण झालं, नाव गळालं, आणि नुसता पाऊस होऊन जमीन ओलांडत राहिलं. पण ते थांबलं नाही. पलीकडे अरबी समुद्र लागला. त्या पाण्यावर त्या अवशेषानं पुन्हा अंग धरलं आणि वादळ उभं राहिलं. तेव्हा त्याला जुनं नाव नाही दिलं. पाळी कतारची होती. त्याचं नाव झालं शाहीन. म्हणजे जमीन ओलांडताना ते कोण होतं? गुलाब संपलेलं, शाहीन जन्मायचं. मधल्या त्या दिवसांत ते ज्यांच्या शेतांवर पडलं, त्यांनी त्याला कुठल्या नावानं हाक मारली असेल? बहुतेक ‘पाणी’ म्हटलं असेल. मामीनं म्हटलं तसं. "पानी लागलं वं," एवढंच ती म्हणाली, आणि खुरपं घेऊन बांध फोडायला धावली.

आम्ही चौघं धावलो. मामा, मामी, मी आणि वरून पावसात भिजत आलेल्या सुकवारोबाई. बांध फोडला तरी पाणी उतरेना. खालच्या बांध्याही भरलेल्या. उभं धान पावसात फार तर लोळतं. कापलेलं पाण्यात बसतं. आम्ही कडपा उचलून बांधावर ठेवत होतो आणि बांधावरच्या कडपांवर पाऊस पडत होता. ताडपत्री एकच होती. दोन दिवस तसेच गेले. मंडईचा लाऊडस्पीकर पलीकडच्या गावातून मधूनच ऐकू यायचा आणि बंद व्हायचा.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. स्वच्छ, निर्लज्ज ऊन. मामीनं एक कडपा उलटी केली आणि तशीच बसून राहिली. मी जवळ गेले. लोंब्यांना कोंब फुटले होते. दाण्यादाण्यातून पांढरे, सुईच्या टोकाएवढे. काहींची टोकं हिरवी झालेली. मुळं एकमेकांत गुंतून लोंब्या हातातून सुटत नव्हत्या. मी असं कधीच पाहिलं नव्हतं. कापलेल्या, मेलेल्या समजलेल्या गवताला सगळीकडून जीव फुटत होता.

"बिचाऱ्यायले वाटलं, मिरग लागला," मामी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सोसवलं नाही. दाण्यांना खरंच काय कळणार? कोमट पाणी आलं, म्हणजे उगवायची वेळ आली. त्यांना नक्षत्र माहीत नाही, यादी माहीत नाही. त्यांनी पावसाचं ऐकलं, एवढंच. आणि उगवलेलं बी पुन्हा पेरता येत नाही.

त्यानंतर आम्ही सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, बसून निवडत राहिलो. सुट्टी मी फोन करून वाढवून घेतली. चूल सपरीत आणून तिच्या उबेला लोंब्या पसरल्या. जी कडपा दुसऱ्या कडपेवर चढून राहिली होती, तिच्या वरच्या लोंब्यांना पाणी कमी लागलं होतं. त्यातले कोंब न फुटलेले दाणे हातानं काढायचे. एकेक. डोळ्यांनी कमी, बोटांच्या टोकांनी जास्त. फुगलेला दाणा मऊ लागतो. सुकवारोबाई कामाला न जाता दोन दिवस आमच्यात बसल्या. "मीच कापलं," त्या म्हणाल्या, "मीच येचीन."

तिथे मग ‘सायबा’ची गोष्ट सुरू झाली.

"त्या मेसेजवाल्या सायबाले आनून उभं करा ना बांधीत," सुकवारोबाई म्हणाल्या. "फूल म्हने! घे म्हना, हुंग."

"तो तिकडे पंख्याखाली बसून लिवते," मामा म्हणाले. "त्याले का मालूम, कडपा कायले म्हन्तेत?"

"बायकोनं डब्यात लुचईचा भात देल्ला असंन, तो खाऊन झोप लागली असंन त्याले."

सगळे हसले. मीही हसले. त्या सगळ्या दिवसांतलं मला सगळ्यात टोचतं ते माझं हे दुसऱ्यांदा हसणं.

मामीनं मान वर न करता म्हटलं, "शिव्या नोका देऊ त्याले. पानी येईन म्हनून त्यानं लिवलंच असंन कुठंतरी. आपल्यालेच नसंन दिसलं."

थोड्या वेळानं मामा अंघोळीला गेले. त्यांचा मोबाइल खाटेवर होता. मी उचलला. ग्रुप उघडला. माझा मेसेज तिथे होता. नाव, थायलंड, सुवासिक फूल, उपसागर, आंध्र. आणि पावसाच्या ओळीच्या अगदी आधी मजकूर तुटला होता. मामांचा मोबाइल हिंदीत आहे. तुटलेल्या जागी दोन शब्द होते: ‘और पढ़ें’. मी बोट लावलं. खालचा मजकूर उलगडला: कापणी पुढे ढकलावी. कापलेले धान भिजणार नाही अशी काळजी घ्यावी. ते कोणी उघडलंच नव्हतं. मी त्यांच्याआधी वाऱ्याला, नावाला, माझ्या स्वतःच्या आनंदाला जागा दिली होती, आणि त्यांच्या कामाची ओळ दुमडून आत गेली होती. मोबाइल मी पालथा ठेवला. मामीशेजारी येऊन बसले. पुन्हा दाणे चाचपू लागले.

ऑफिसात परत गेल्यावर मी विचारलं होतं, त्या मेसेजमध्ये काही चुकलं का. मजकूर पूर्ण होता, असं सांगण्यात आलं. ते खरंच होतं. त्या खरेपणामागे मी जवळजवळ वर्षभर लपून राहिले.

निवडून निवडून दोन पायल्या बी निघालं. मामीनं ते राख लावून मडक्यात ठेवलं. ते जिवंत आहे की नाही हे कळायला मृग उजाडावा लागणार होता. तेवढे सगळे महिने मी रोज मेसेज लिहीत होते आणि रोज पहिल्या ओळीत पाऊस लिहीत होते, पाऊस नसला तरी ‘पाऊस नाही’. नावं मी सोडून दिली. जूनमध्ये गेले तेव्हा मामी मला हाताला धरून पऱ्ह्यांच्या वाफ्याकडे घेऊन गेली. रोवणीसाठी आधी रोपं वाढवतात तो वाफा. हिरवळ विरळ होती. मधे मधे मोकळी माती. निम्म्याहून कमी उगवलं होतं. पण उगवलं होतं. मामी उकिडवी बसली आणि एका रोपाला बोटानं नुसतं शिवली. त्या रोपांतून या वर्षी लुचईची पाव बांधी झाली. उरलेल्या बांधीत दुकानातलं धान.

परवा मी पुन्हा तिथे होते. सकाळी दव होतं, आभाळ मागच्या वर्षीसारखंच निळं. लुचई पिकून एका अंगाला झुकली होती. सुकवारोबाई दोघींना घेऊन आल्या. एवढ्याशा तुकड्याला जास्त हात कशाला?

आदल्या संध्याकाळी मी मेसेज पाठवला होता. पहिली ओळ: दोन दिवसांनी पाऊस येणार आहे, धान कापू नका. समुद्रावर एक कमी दाबाचं क्षेत्र होतं. त्याला नाव नव्हतं, कदाचित मिळणारही नव्हतं. तेवढा जोर त्यात दिसत नव्हता. पाणी मात्र होतं. मामांच्या खिशात मोबाइल वाजलेला मी ऐकला होता. आता बांधावर त्यांनी तो काढून बघितला, आणि मेसेज न उघडता परत ठेवला.

"सायबाचा मेसेज," ते म्हणाले. "मागच्या साली फूल आनलं होतं. यंदा फळ आनलं असंन."

"नोको वाचू," सुकवारोबाई म्हणाल्या. "वाचलं का पानी येते."

हसू आलं, तेच. या खेपेला मी हसले नाही. त्या मेसेजवर आता इथे कोणाचा विश्वास नव्हता, आणि तो मीच घालवला होता. पहिल्या ओळीत लिहा नाहीतर शेवटच्या. लिहिलेलं आता पुरणार नव्हतं. मामीनं विळा घेतला. पहिली मूठ नेहमी तीच कापते. ती वाकली, डाव्या हातानं लोंब्या गोळा केल्या. पाव बांधी. दुसरं घर नाही. मी बांधावरून खाली उतरले. पायाखालची माती गार होती. मी मामीचं मनगट धरलं.

"मामी, नका कापू."

हे तिला एकटीलाच ऐकू गेलं. तिनं चमकून पाहिलं. मी तिला असं कधी धरलं नव्हतं. सुकवारोबाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या.

"काऊन वं? तुले कोनं सांगतलं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मामा, तिघी बायका, मामी. मी मामीचं मनगट सोडलं नाही, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,

"उद्यापासून दोन दिवस पाऊस आहे. आज कापलं तर भिजेल, उभं राहिलं तर वाचेल. मला माहीत आहे, कारण ते मेसेज मी लिहिते. मागच्या वर्षीचाही मीच लिहिला होता, मामी."